फो पा म्हणजे काय

भनपुरीच्या कारखान्यात सरिता रामटेके एकोणीस वर्षं मालाची तपासणी करत होती. तिची सही झाल्याशिवाय एकही ट्रक फाटकाबाहेर जात नसे. त्या दिवशी ती अहवाल घेऊन मीटिंगला गेली, तर नवे मॅनेजर पाहुण्यांसमोर म्हणाले, "दीदी, छह चाय ले आओ."

संध्याकाळी, ती कोण हे कळल्यावर, त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि हसत म्हणाले, "छोटा सा फो पा हो गया."

घरी आल्यावर तिनं मुलीला, रीनाला, अर्थ विचारला.

"फ्रेंच शब्द है, आई. सबके सामने अनजाने में हुई गलती."

सरिता भडकली. "अनजाने में? गळ्यात ओळखपत्र होतं, हातात फाइल होती! माझी साडी पाहून मले चहावाली ठरवलं त्यानं. अन् माफी मागाचं सोडून मलेच शब्द शिकवून राहिला!"

दुसऱ्या दिवशी, पाहुणे असतानाच, ती भर मीटिंगमध्ये उभी राहिली. "सर, गलती सबके सामने हुई. माफी भी सबके सामने माँगिए."

मॅनेजर लाल झाले, पण त्यांनी माफी मागितली. सरितानं अहवाल वाचायला घेतला, तेव्हाही तिचा आवाज रागानं थरथरत होता.