वस्तऱ्यावरचं कुंकू

माझ्या वडिलांनी आठ महिने दाढी केली नव्हती आणि त्याचं खापर ते कुणाच्याही डोक्यावर फोडत नव्हते. तेच मला जास्त लागत होतं. फोडलं असतं तर मी भांडले असते, आणि भांडणात मी आमच्या घरात कुणापुढे हार मानलेली नाही.

झालं होतं असं. एके सकाळी ते नेहमीसारखे आरशासमोर उभे राहून दाढी करत होते. उजवा गाल झाला होता. तेवढ्यात उजवा हात एकाएकी लुळा पडला आणि वस्तरा फरशीवर आपटला. लकवा. दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांची अर्धीच दाढी झालेली होती. वाचा शाबूत राहिली, पाय हळूहळू परत आले, हात मात्र आला नाही. घरी आल्यावर त्यांनी पहिली चौकशी वस्तऱ्याची केली. धारेचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा उडाला होता.

हा वस्तरा माझ्या पणजोबांचा. ते इंदूर संस्थानच्या फौजेत घोडदळात होते. त्यांची एक तलवार आणि हा वस्तरा एवढंच त्यांच्याकडून आमच्यापर्यंत पोचलं. तलवार देवघरात असते, वस्तरा रोज कामाला. वडील गिरणीत फिटर होते. पहिल्या पाळीला जायचे तेव्हाही, रिटायर झाल्यावरही, रोज सकाळी याच वस्तऱ्यानं दाढी. पात्याच्या मुळाशी सोलिंगेन या जर्मन गावाचं नाव कोरलेलं आहे. ते लहानपणी मी बोटानं चाचपायला गेले की हातावर चापट बसायची.

जुनी इंदूर भागातून ओळखीच्या न्हाव्याला बोलावलं. तो बिचारा नवीन पाती घेऊन आला. "बाबूजी, दो मिनट का काम है," म्हणाला. वडिलांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. "गळ्यावर दुसऱ्याचा हात नाही चालायचा मला," एवढंच कारण. इलेक्ट्रिकचं मशीन आणलं, तर ते डब्यासकट कपाटावर गेलं. शेवटी मी म्हणाले, "बाबा, मी करते."

"तू?" ते म्हणाले.

सांवेर रोडला माझं स्वतःचं युनिट आहे. नमकीनची पाकिटं कापणाऱ्या मशीनची पाती आम्ही बनवतो. पंधरा वर्षं मी पोलाद घासते आहे, माझ्या बोटांवर त्याचे डाग आहेत. आणि माझा बाप मला विचारतो, तू? मी कंबरेवर हात ठेवून उभी राहिले. ते थोडे वरमले असावेत, कारण खिडकीकडे बघत म्हणाले, "आधी तो उस्तरा तर ठीक करून आण. मग बघू."

टाळायला म्हणाले होते, हे मला कळत होतं. पण शब्द तो शब्द. मी तो पदराला गाठ मारून ठेवला.

वस्तरा माझ्या युनिटमध्ये होण्यासारखा नव्हता. आमची चाकं मोठी, आमचा माल जाड. वस्तऱ्याचं पातं दोन्ही अंगांनी आत खोल कोरलेलं असतं, धारेपाशी कागदाइतकं पातळ. धार त्या कणीएवढ्या खाचेच्या आत न्यायची तर सगळं पातं नव्यानं कोरायला हवं. आमच्या चाकाला एकदा लागलं असतं तर गरम होऊन निळं पडलं असतं, आणि पातं निळं पडलं की त्याचं पाणी गेलं, मग धार टिकत नाही. मी सोलिंगेनच्या चार कारागिरांना लिहिलं. तिघांनी उत्तर दिलं नाही. चौथ्याच्या मुलीनं इंग्रजीत कळवलं की फोटो बघून वडील म्हणतात, पातं फार झिजलं आहे, आता ते काचेच्या कपाटात ठेवा.

काचेच्या कपाटात! मी तिकीट काढलं.

"दिमाग फिरलं का तुझं?" वडील म्हणाले. "एका उस्तऱ्यासाठी विलायत?"

"तुम्हीच म्हणाले ठीक करून आण."

"अगं, मी ऐसेच म्हटलं होतं."

"मी ऐसेच नाही ऐकलं," मी म्हणाले आणि मावसबहिणीला त्यांच्यापाशी ठेवून निघाले.

सोलिंगेनला आधी दोन चाकूवाल्यांकडे गेले. दोघंही भले. एकानं मला भाजीच्या सुरीचं पातं ऐरणीवर ठोकून दाखवलं, दुसऱ्यानं मी नेलेली तिखट लौंग सेव खाल्ली आणि डोळे पुसत आणखी मागितली. पण वस्तरा बघितल्यावर दोघांनीही हात वर केले. वस्तरा कोरणं हे वेगळं काम, म्हणाले, आणि ते अजून हातानं करणारा म्हणून बोट दाखवलं ते त्याच चौथ्या माणसाकडे, काचेच्या कपाटवाल्याकडे.

तो वडिलांच्याच वयाचा होता. दुखरे गुडघे, मोठे कान, बोलणं जवळजवळ नाहीच. बोलायचं ते मुलगी बोलायची. मी दारात उभी राहून सांगितलं की मी इतक्या लांबून आले आहे, हवा तर नकार द्या, पण आधी आत येऊ द्या. म्हातारबुवांनी माझे हात उलटेपालटे करून बघितले. बोटांवरचे डाग त्यांना ओळखू आले असावेत. चाकापाशी मला एक स्टूल मिळालं.

पहिले सहा दिवस मी फक्त बघितलं. दोन लहान दगडी चाकं एकमेकांशेजारी फिरतात, वरून पाणी ठिबकतं, आणि त्यांच्या मधून पातं ओढायचं. हातमोजे नाहीत. बोटाला ऊब लागली की बाहेर. मधूनमधून म्हातारबुवा धार अंगठ्याच्या नखावर हलकी दाबायचे. पातं पुरेसं पातळ असेल तर नखाचा उंचवटा धारेतून वर आलेला दिसतो आणि सरकवलं की तो पुढेपुढे पळतो. हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी मराठीतच ओरडले. सातव्या दिवसापासून मला रद्दी पाती मिळाली. अकरा तोडली. बारावं तुटलं नाही, पण निळं पडलं. म्हातारबुवांनी ते उचलून माझ्या नाकासमोर धरलं आणि बादलीत टाकलं. मी तेरावं घेतलं.

मग खंडेनवमी आली.

ती माझ्या लक्षात राहणारच होती. आमच्याकडे दिवाळी एखादे वेळी साधी होईल, खंडेनवमी नाही. लहानपणी त्या दिवशी मी उठून यायची तेव्हा देवघरात पाटावर सगळं मांडलेलं असायचं. तलवार, वस्तरा, वडिलांचे पाने आणि कानशी. वडील वाटीतल्या पाण्यात अनामिका बुडवायचे, कुंकवात टेकवायचे आणि एकेका हत्यारावर बोट लावायचे. मी उंबऱ्याच्या बाहेरून बघायची. मुलींनी हत्यारांना हात लावायचा नाही, असा नियम होता. मला भाऊ नव्हता, तरी नियम होता. पुढे माझं युनिट झालं तेव्हा मी पहिल्याच वर्षी हट्टानं सगळ्या मशीनना माझ्या हातानं कुंकू लावलं, आणि तेव्हापासून दरवर्षी लावते.

तर त्या सकाळी मी कारखान्यात सगळ्यांच्या आधी पोचले. पर्समध्ये कुंकवाची डबी होतीच. चाकांना लावलं, ऐरणीला लावलं. खिडकीतल्या फळीवर म्हातारबुवांचे पूर्ण झालेले सात वस्तरे उघडे मांडून ठेवले होते, आरशासारखे. त्यांच्याहून मोठं हत्यार त्या खोलीत कुठलं होतं? मी बोट पाण्यात बुडवलं आणि सातही पात्यांवर एकेक टिकली लावली. हात जोडले. मला फार बरं वाटलं होतं. परदेशात येऊन आपण आपलं काही विसरलो नाही, याचा चांगलाच तोरा चढला होता.

म्हातारबुवांना त्या दिवशी यायला उशीर झाला. आल्यावर त्यांनी लाल ठिपके बघितले, एक पुसला, आणि पातं उजेडाकडे धरलं. टिकलीच्या जागी काळा डाग होता. त्यांनी दुसरा पुसला, तिसरा पुसला. साध्या पोलादाला पाणी चालत नाही, तासाभरात ते खाल्लं जातं. पंधरा वर्षं पोलादात काढलेल्या बाईला हे माहीत नव्हतं का? होतं. पण पोलादाला पाणी लावते आहे असं मला वाटलंच नव्हतं, मी कुंकू लावत होते.

ते ओरडले नाहीत. त्यांचे कान लाल झाले आणि त्यांनी दाराकडे बोट केलं. मुलीनं भाषांतर करायची गरज नव्हती.

मी बाहेर जाऊन पायरीवर बसले. लाज तर इतकी वाटत होती की कानशिलं तापली होती. पण परत जायचं मनात आलं नाही, खरं सांगते. वस्तरा माझ्या पिशवीत तसाच होता, आणि इंदूरला एक माणूस अर्धी राहिलेली दाढी आणि 'मग बघू' एवढं अर्धंच बोलणं घेऊन खिडकीशी बसला होता. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पायरीवर. तिसऱ्या दिवशी पाऊस होता, मी छत्री घेऊन पायरीवर. मुलगी बाहेर आली तेव्हा मी म्हणाले, "डाग मी पाडले, डाग मी काढणार. मग जाते."

तिनं आत जाऊन सांगितलं. मग आतून एक काळा अॅप्रन माझ्या अंगावर येऊन पडला.

डाग काढायला लाकडी चाकावर चामडं चढवलेलं असतं, त्यावर तेल आणि बारीक भुकटी. जोर दिला तर पात्याचा आकार जातो, नाही दिला तर डाग जात नाही. आठ दिवस मी तेवढंच केलं. सकाळी सुरू, संध्याकाळी मान धरलेली. पाचव्या दिवशी कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी बोटांना विचारत नाहीये, बोटं मला सांगताहेत. सहा वस्तरे वाचले. सातव्याचा डाग खोल गेला होता. म्हातारबुवांनी तो माझ्यासमोर भंगारात टाकला आणि माझं बघून होईपर्यंत तिथेच उभे राहिले. बरोबरच होतं त्यांचं.

मग त्यांनी हात पुढे केला. मी पिशवीतून वडिलांचा वस्तरा काढून दिला. त्यांनी तो नखावर दाबला, मुळाशी कोरलेलं नाव चाचपलं, आणि मला परत दिला.

"ते म्हणतात, मी हात लावणार नाही," मुलगी म्हणाली. "माझ्या हातून तुटला तर तुम्ही मला माफ करणार नाही. तुमच्या हातून तुटला तर तुमचं तुम्ही बघा."

मी चाकापाशी बसले. त्या दिवशी चहा नाही, जेवण नाही, कुणाशी बोलणं नाही. ओढायचं, पाण्यात बुडवायचं, नखावर बघायचं. खाच हळूहळू लहान होत गेली. शेवटी शेवटी पातं इतकं पातळ झालं की चाकावर ते बारीक आवाजात गायला लागलं, आणि तो आवाज बदलला की थांबायचं, हे मला तोवर कळत होतं. खाच गेली. पातं करंगळीच्या निम्म्याएवढं अरुंद राहिलं, पण राहिलं. म्हातारबुवांनी ते आपल्या हातावरून फिरवलं, चार केस उडवले, आणि मुलीला काहीतरी म्हणाले. ती हसली. "ते म्हणतात, आता हे काचेच्या कपाटात ठेवू नका."

घरी पोचले तेव्हा दिवाळीची सफाई चालू होती. वडील खिडकीशी बसले होते, दाढी छातीवर आलेली. मी वस्तरा त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी तो नखावर दाबला. म्हणजे ही परीक्षा त्यांनाही माहीत होती, आणि मला ती शिकायला सोलिंगेन गाठावं लागलं!

"कुणी केलं?"

"मी."

मग मी सगळं सांगितलं, कुंकवाचंही. ऐकता ऐकता ते ताठ झाले.

"तेल नाही लावलं?"

"कसलं तेल?"

"अगं, पहले तेल! हत्याराला आधी तेलाचा हात द्यायचा, मग कुंकू. पाणी आत नाही जात मग. एवढं पण माहीत नाही?"

माझं डोकंच फिरलं. "कुठून माहीत असणार? तुम्ही कधी सांगितलं? मी उठून येईपर्यंत तुमचं तेल लावून झालेलं असायचं! मी दारातून बघितलं ते फक्त कुंकू. आत येऊ कुणी दिलं होतं मला?"

मी इतकी मोठ्यानं बोलले की मावसबहीण स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि तशीच परत गेली. मला वाटलं, झालं, आता बाबा पुन्हा खिडकीकडे बघणार. पण त्यांनी वस्तरा माझ्यासमोर धरला, मूठ माझ्याकडे करून.

"गरम पाणी आण," ते म्हणाले आणि मान मागे टाकली.

मी आधी कात्रीनं दाढी उतरवली, मग साबण लावला. त्यांच्या सवयीप्रमाणे उजवा गाल पहिला. मग डावा, आठ महिन्यांपूर्वी राहून गेलेला. गळ्याशी आले तेव्हा त्यांनी डोळे मिटले. कातडीखाली शीर उडताना मला दिसत होती आणि माझा हात हलला नाही. एक टिपूस रक्त आलं नाही. पाणी मारून त्यांनी डाव्या हातानं हनुवटी चाचपली, दोनदा.

"देवघरातून तेल घेऊन ये."

मी आणलं. त्यांनी माझं बोट धरून तेलात बुडवलं आणि पात्यावर ठेवलं. त्यांच्या डाव्या हाताला या कामाची सवय नव्हती, माझाच हात त्याला ओढत नेत होता.

"मुळाकडून टोकाकडे. धारेला आडवं नाही जायचं," ते म्हणाले. "आणि पुढच्या खंडेनवमीला जल्दी उठ. पाच वाजता. तेल मी तेव्हा लावतो."