निरंक

आजींनी अंगठ्याची शाई केसांना पुसली आणि चहाची बशी तोंडाला लावली. बँकेच्या कर्जातून व्हायच्या धरणाची ती गावबैठक होती. हजेरीच्या कागदावर अंगठा दिल्याशिवाय चहा नाही, हा आमचा शिरस्ता.

"साहेब, पाणी कुठवर येणार?"

"अजून ठरायचंय, आजी."

माझ्या पिशवीतल्या नकाशात त्यांचं घर केव्हाच निळ्या रंगाखाली गेलं होतं. हजेरीचा कागद मी अहवालाला जोडला. वर मथळा दिला, 'ग्रामस्थांची संमती'. कर्ज मंजूर झालं.

काल पाहणीला गेलो. धरण तुडुंब. वाऱ्याने पाण्यावर अंगठ्याच्या ठशासारख्या बारीक रेषा उठत होत्या. तक्त्यात रकाना होता, 'स्थानिकांच्या तक्रारी'. विचारायला गाव कुठं होतं? मी लिहिलं, 'निरंक'. पेन गळत होतं. बोटाची शाई मी सहज केसांना पुसली.