रेंजचा दगड

बायकोच्या माहेरी टेकडीवर एक दगड आहे. त्यावर उभं राहिलं तरच मोबाइलला रेंज येते, म्हणून तो पायांनी गुळगुळीत झालाय. आज शेजारच्या गोदामावशी त्यावर फोन कानाशी घट्ट धरून उभ्या होत्या. लेक आजारी असल्याचं त्यांना तीन दिवसांनी कळलं, आणि आता तिकडे कोणी उचलत नव्हतं.

दूरसंचाराचे नियम ठरवणाऱ्या कचेरीत मी अर्थतज्ज्ञ होतो. पंचायतीच्या खोलीपर्यंत केबल आली की गावात इंटरनेट पोचलं असं धरायचं, हे मीच सुचवलेलं. त्या खोलीला कायम कुलूप असतं.

"जावईबापू, गावांच्या याद्या तुम्हीच करायचात ना?" मावशी म्हणाल्या. "आमचं गाव राहून गेलं असेल."

"असेल," मी म्हणालो. इंटरनेट पोचलेल्या गावांच्या पहिल्याच यादीत त्यांचं गाव होतं.