माझ्या गझलेतला फुटपाथ

"वही बघू जरा, बाई."

मी माईकसमोर उभी होते. गिरगावातल्या हॉलमधला मुशायरा, रविवारची दुपार, ऐंशीएक माणसं. अध्यक्ष खुर्चीतून उठले आणि माझ्या हातातली वही त्यांनी काढून घेतली. पान लोकांकडे वळवलं.

"हे बघा. शायरा उर्दूच्या, आणि लिहिलंय देवनागरीत!"

लोक हसले.

अध्यक्ष निवृत्त बडे अधिकारी. दादरला मोठं घर. पेन्शनीत गेल्यावर हौसेने उर्दू शिकलेले. त्यांनी पुढच्या रांगेतल्या माझ्या सरांना विचारलं, "प्रोफेसर, आता खरं सांगा. घोडपदेवच्या चाळीत गझल कुठून येते? आपलीच कृपा ना?"

सर माझ्या पीएच.डी.चे मार्गदर्शक. 'नाही, तिच्याच आहेत.' तीन शब्द पुरे होते. सर हसले. मान झुकवली. दाद मिळाल्यावर शायर करतात तसा हात कपाळापर्यंत नेऊन आदाब केला.

टाळ्या पडल्या. त्यांना.

गझल न वाचताच मी खाली उतरले.

मी कोण, ते सांगते. आई दादरच्या फुटपाथवर ब्लाउजपीस विकायची. बाराव्या वर्षापासून मी तिच्या शेजारी. गिऱ्हाईक वळलं की किती पावलं जाऊ द्यायचं आणि मग हाक मारायची, हे मला तिथे कळलं. भांडखोर म्हणायचे मला. होतेच. ब्लाउज शिवणारी आपा मागच्या गल्लीत राहायची. तिच्या मशीनजवळ बसून उर्दू शिकले. ती कापडावर खडूने अलिफ, बे काढायची आणि म्हणायची, "भाव करताना कशी बोलतेस? तसं वाच. घाबरतेस काय!"

पुढे एम.ए. झाले. जुन्या काळच्या बायकांनी घरातल्या वह्यांत लिहून ठेवलेली, नाव न घातलेली शायरी, हा माझा प्रबंधाचा विषय. सहा वर्षं भायखळ्यापासून वडाळ्यापर्यंत फिरले. लोकांना विनवून पेट्या उघडायला लावल्या, वह्या सांभाळायला मागून घेतल्या. घाईच्या, पुसट अक्षरातल्या ओळी लावल्या. तरी मंचावर गेले की भीतीने उर्दू अक्षरांचे ते ठिपके, नुक्ते, डोळ्यांपुढे नाचायला लागतात. म्हणून वाचायची प्रत नागरीत काढते. सरांना हे माहीत होतं. मीच सांगितलं होतं.

गझल आधी उस्तादाला दाखवायची, त्याने ती सुधारायची, अशी रीत आहे. इस्लाह म्हणतात. मी प्रत्येक गझल सरांना दाखवली. चूक माझी. तीन वर्षांत त्यांनी बदललेले शब्द दोन हातांच्या बोटांवर मावतील. त्या दिवशीच्या गझलेत एकच. आईवरची गझल. मी 'फुटपाथ' लिहिलं होतं. त्यांनी तांबड्या शाईने 'बाज़ार' केलं. म्हणाले, "फुटपाथ गझलेत शोभत नाही."

चहाच्या वेळी सर जवळ आले. आवाज मऊ.

"मनाला लावून घेऊ नकोस. माझं नाव जोडलं गेलं तर फायदा तुझाच. प्रबंधाचं पुस्तक दोघांच्या नावाने काढू. तुझ्या प्रबंधावर सही उद्याच करतो."

सौदा मला कळतो. समोरचा घाबरलाय हे हेरूनच भाव सांगितला होता. आणि मी घाबरले होतेच. सही नाही तर सहा वर्षं मातीत. कॉलेजातली कंत्राटी नोकरीही जाणार. 'हो सर' जिभेवर आलं होतं.

तेवढ्यात ते म्हणाले, "आणि त्या बायकांच्या वह्या माझ्याकडे आणून ठेव. तुझ्या एका खोलीत कुठे नीट राहणार?"

त्या बायकांची नावं कुठे गेली, हे मी सहा वर्षं शोधत होते. उत्तर समोर उभं राहून चहा पीत होतं.

मी कप ठेवला. कोणाला न विचारता मंचावर चढले. माझी वही टेबलावर पडली होती, ती उचलली. मागून कोणीतरी ओरडलं, "एक ओळ द्या त्यांना! इथेच गझल करून दाखवू देत!"

"नाही दाखवणार," मी म्हणाले. आवाज चिरकला. "आजवर इथे कुठल्या पुरुषाची परीक्षा घेतलीत?"

"या गझलेत सरांचा एक शब्द आहे, बाज़ार. माझ्या आईला बाजारात कोणी गाळा दिला नाही. ती फुटपाथवर बसली. सरांचा शब्द सरांना परत."

मग वाचली. कापत वाचली, पण पुरी वाचली. दाद चारपाच जणांची. दुसऱ्या शेराला सर उठून गेले.

सोमवारी विद्यापीठात मार्गदर्शक बदलण्याचा अर्ज भरला. खिडकीतला क्लार्क ओळखीचा. म्हणाला, "मॅडम, कारण 'वैयक्तिक' लिहा ना. कशाला उगाच लफडं? नंतर दुसरं कोण घेणार नाय तुम्हाला."

खरं असेल. कारणाच्या रकान्यात लिहिलं: मार्गदर्शकांनी माझं लिखाण स्वतःचं असल्याचं चारचौघांत मान्य केलं. खाली पूर्ण नाव घातलं, आईच्या नावासकट. पोच मिळेपर्यंत खिडकीवरून हलले नाही.

अजून कोणी मार्गदर्शक मिळालेला नाही. वह्या माझ्या खोलीतच राहतील. प्रबंध पडून राहिला तर राहील. दुसऱ्या कोणाच्या नावाने तो बाहेर पडणार नाही.