पाच अक्षरांचं कुलूप

आधीच सांगते, माझं अक्षर वेडंवाकडं आहे. ऱ्हस्व-दीर्घही चुकत असतील. शाळा चौथीपर्यंतच झाली — सांभाळून घ्या. हे मी आजवर कुणालाच बोलले नाही.

पनवेलला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी झाडलोट करायचे, चहा करायचे. शेठची ताकीद होती — कॉम्प्युटर पुसायचा, बटणांना हात लावायचा नाही. त्यावर बिलं करायची नजमा. वीस-बावीसची पोर, मला मावशी म्हणायची. जागेवरून उठताना ती काळ्या पडद्यावर ‘लॉक’ असं टाईप करायची. मग एक शब्द, दोनदा. तो पडद्यावर दिसायचा नाही. "मावशी, हे कुलूप. दर वेळी किल्ली आपण ठरवायची. तोच शब्द परत घातला की उघडतं."

इंग्रजी अक्षरं मला तिनेच शिकवली, चहा पिता पिता. माझं नाव लांबलचक, म्हणून मी आधी तिचंच शिकले. पाचच अक्षरं.

त्या दिवशी तिचे अब्बा कुवेतला निघणार होते. तिला दुपारीच घरी जायचं होतं. अब्बांचा फोन आला तशी ती बोलत बोलत बाहेर गेली — पडदा उघडाच. एक ड्रायव्हर टेबलावर वाकून दुसऱ्यांची भाडी वाचायला लागला. मला काय वाटलं? तिचं काही बिघडू नये, एवढंच. मी फडकं ठेवलं. लॉक लिहिलं. मग एन, ए, जे, एम, ए. दोनदा.

"अरे वा, मावशी ऑपरेटर झाली!" ड्रायव्हर हसला आणि गाडी घेऊन गेला.

किती खूश होते मी! नजमा आली की सांगणार होते. पण तिच्या मागोमाग शेठ आले. तिने आपला नेहमीचा शब्द घातला. उघडेना.

"काय गं, स्वतःच कुलूप लावलंस नि स्वतःच विसरलीस?"

तिने अब्बांचं नाव घालून बघितलं, अम्मीचं, भावाचं. स्वतःचं कोण घालतं? मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. एक शब्द बोलायचा होता — तिचंच नाव. बोलले का? नाही. फडकं पिळत राहिले. ते कोरडंच होतं.

शेठनी बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला. परत चालू झाला तेव्हा दिवसभराची बिलं गेलेली. ती पुन्हा केल्याशिवाय तिला सोडलं नाही. अब्बा घरातून निघाले तेव्हा ती टाईप करत होती, ओढणीने डोळे पुसत. मी चहा नेऊन ठेवला. साखर जास्त घातली — एवढंच मला जमलं.

"मीच वेडी, मावशी," दुसऱ्या दिवशी ती म्हणाली. "काय घातलं होतं कुणास ठाऊक!"

अब्बा परत आले ते तिच्या निकाहालाच, चार वर्षांनी.

मध्ये एकदा त्यांनी खजूर पाठवले. डबा ऑफिसातच उघडून तिने पहिली मूठ माझ्या हातावर ठेवली. "आधी तुम्ही, मावशी."

तेव्हा आम्ही दोघीच होतो. शेठ नव्हते, कुणीच नव्हतं.

मी ते खजूर खाल्ले.