वकिलातीचं फाटक

गल्लीत त्याला सगळे ‘राजदूत’ म्हणत. होता तो वकिलातीचा ड्रायव्हर. तो तिथे चिकटला तेव्हा व्हिसाची रांग फाटकापासून पार कोपऱ्यापर्यंत जायची आणि भलीभली माणसं ‘आत आमच्यासाठी शब्द टाका’ म्हणून त्याची मनधरणी करायची. ती इमारत मुळात एका व्यापाऱ्याचं घर. मग तिथे एका देशाचा झेंडा लागला, तो उतरून दुसऱ्याचा लागला. झेंडे येतात-जातात हे त्यालाही ठाऊक होतं.

पुढे दोन्ही देशांचं बिनसलं आणि वकिलातीने गाशा गुंडाळला. जाताना सचिवसाहेबांनी किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात ठेवला. “लवकरच येऊ. तोवर आमच्या परवानगीशिवाय आत कुणालाही घ्यायचं नाही. पोलिसांनासुद्धा नाही.”

तप उलटलं, कुणी आलं नाही. पगार त्यांचं काम बघणाऱ्या तिसऱ्याच देशाच्या वकिलातीतून मिळायचा. तो रोज रिकाम्या काउंटरवरची धूळ पुसायचा आणि आवारात मागच्या दोन खोल्यांत बायकोबरोबर राहायचा. जावई आला तरी त्याला फाटकाबाहेरच्या बाकावर बसवून चहा द्यायचा.

“अहो, भांडण त्यांचं, आणि माझा जावई बाहेर?” बायको म्हणायची.

“नियम म्हणजे नियम.”

पुढे पुढे तीच जावयाचा चहा बाहेर नेऊन द्यायला लागली.

एका सकाळी तिला श्वास घेता येईना. त्याने ॲम्ब्युलन्स बोलावली. माणसं स्ट्रेचर घेऊन फाटकाशी आली आणि सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, “आत नाही येता येणार. परवानगी लागते.”

“कुणाची, काका?”

काय सांगणार? आत विचारायला माणूसच नव्हता. तरी मेला कडीवरचा हात काही हलेना. तेवढ्यात मागून ती स्वतःच आली, भिंत धरत, थांबत थांबत. फाटकाबाहेर पाऊल पडलं आणि ती कोसळली. त्याला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

ती वाचली. पण इस्पितळातून सरळ लेकीकडे गेली. “मला त्या फाटकाच्या आत नेऊ नका. तुम्ही राहा तुमच्या परदेशात.”

थोडे दिवस तो एकटा राहिला. काउंटर पुसायला हात उठेना. शेवटी जिथून पगार मिळायचा तिथे किल्ल्या द्यायला गेला. कारकुनाने जांभई दिली. “आम्ही कशा घेणार? ज्यांनी दिल्या त्यांनाच द्या.”

जुडगा टेबलावर ठेवून तो जिना उतरला.

संध्याकाळी तो ट्रंक घेऊन लेकीच्या दारात उभा राहिला. दार उघडंच होतं. बायको खाटेवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने वर बघितलं.

“येऊ का आत?”

तिने हातातली घडी पुरी केली. “घर जावयाचं आहे. ते कामावरून यायचेत. तोवर पायरीवर बसा, चहा तिथेच मिळेल.”

ट्रंक खाली ठेवून तो पायरीवर बसला.

बऱ्याच वेळाने एका हाताने भिंत धरत ती बाहेर आली. चहाचा कप त्याला दिला आणि हळूहळू त्याच्याशेजारी पायरीवर टेकली.