तलावाचा गाळ

वडील गेल्यावर आईने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. गावामागचा तलाव आमच्या पूर्वजांनी बांधलेला. गाळ साचून तो परातीसारखा उथळ झाला होता. तो उपसायचं वडिलांच्या मनात होतं, आजारपणात ते राहून गेलं. "तेवढं कर, बाबू," आई म्हणाली. "फोटोले हार घालत बसू नको."

आमच्या लोकांत तलाव घरच्या माणसासारखा आणि त्याचा गाळ म्हणजे धानाचं अन्न. वडील ओला गाळ मुठीत घेऊन हुंगायचे आणि म्हणायचे, "हा खाल्ला तरी बाधत नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते कधी तपासून पाहावंसं वाटलंच नाही.

उन्हाळ्यात यंत्र लावलं. जमेल तेवढा गाळ धानाच्या बांध्यांत पसरला, तरी बराच उरला आणि पाऊस तोंडावर आला. उरलेला कुठे टाकू, असं यंत्रवाल्याने विचारलं. मी तलावाखालून वाहणाऱ्या नदीचा काठ दाखवला. दिवाळीनंतर शेतात नेऊ, म्हटलं. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. तरीही तिथे उभा असताना मी वडिलांचा मुलगा होतो, बाकी काही नव्हतो.

पावसाळाभर तो ढीग धुपत राहिला. तलाव मात्र काठोकाठ भरला. आई त्याच्या पाळीवर, बांधावर जाऊन पाण्यात फुलं सोडून आली. ढिगावर तिने भोपळ्याचा वेल लावला आणि पहिले भोपळे शेजारी वाटले. देताना ती सांगायची, "बाबूच्या बाबाच्या गाळातले हायेत."

आमच्याकडे वर्षश्राद्धाचं गोड जेवण झालं की दुसऱ्या दिवशी गेलेल्याच्या आवडीचं कालवण करतात. वडिलांना वांग्यातले झिंगे आवडायचे, तेही आमच्याच नदीतले. ते आणणारी मावशी ढिवर मोहल्ल्यातली. हातजाळीने झिंगे धरून विकायचे, यावरच तिचं घर चालत आलेलं. माझ्या जन्माआधीपासून ती आमच्या दारात टोपली उतरवायची. आईने तिला आधीच सांगून ठेवलं होतं. श्राद्ध आठवड्यावर आलं तेव्हा ती रिकामी टोपली घेऊन आली.

"झिंगे कुठं हायेत?" आईने विचारलं.

"नदीले विचारा. रोज जाळी टाकून राहिली, निस्ता चिखल येते. गोटा उचलला त लोणी लावल्यावानी हातातून सटकते. त्या वाळूच्या ट्रॅक्टरवाल्यानं नास केला. त्याच्या चाकाले किडे पडो!"

"चाकाले कुठं किडे पडतेत, बाई?"

"मंग त्याच्या मिशीले पडो."

आई हसली, वडील गेल्यापासून पहिल्यांदा. मला हसता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नदीवर गेलो. ढिगाच्या वरच्या अंगाला, जिकडून पाणी येतं तिथे, एक दगड उलटला. त्याला चपटे किडे चिकटलेले होते, त्यांचे पिसांसारखे कल्ले पाण्यात थरथरत होते. शेजारी गोगलगायी होत्या, काठच्या मुळ्यांत झिंग्यांची काचेसारखी पिल्लंही. मग ढिगाच्या पुढे, प्रवाहाच्या खालच्या अंगाला गेलो. तिथे साऱ्या दगडांवर करडी साय धरली होती आणि दगडांमधल्या फटी मैद्यासारख्या बारीक गाळाने बुजल्या होत्या. त्या फटींतच तर हे जीव लपतात, खातात, श्वास घेतात. कितीतरी दगड उलटल्यावर एक किडा सापडला. त्याचे कल्ले गाळाने माखलेले. ओंजळीतल्या पाण्यात मी तो हळूहळू धुतला. तो हलला नाही. असेच कल्ले मी दरवर्षी फळ्यावर काढतो. पोरं म्हणतात, सर, चित्र छान काढता.

वाळूचा ट्रॅक्टर जिथे उतरतो, ती जागा तिथून प्रवाहात बरीच खाली होती. त्याचा इथे काही संबंध नव्हता.

घरी येऊन मी काही बोललो नाही. आई भोपळा चिरत होती. बोललो असतो तर वडिलांच्या नावाने केलेलं एकमेव काम तिच्या हातातून काढून घेतल्यासारखं झालं असतं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

दोन दिवसांनी मावशी पुन्हा आली. मोहल्ल्यातल्या बाया ट्रॅक्टरवाल्याच्या दारात जाणार होत्या.

"तू शिकेल हायेस, बाबू. तू पुढं राह. आमचं तो आयकत नाई."

आई दारातच उभी होती. मी म्हणालो, "मावशी, त्याच्या दारात जाऊ नका. ट्रॅक्टरने नाही, आमच्या गाळाने झालं. नदीच्या काठावर तो मी टाकायला लावला."

"गाळानं कुठं नदी मरते काय?" आई म्हणाली.

मावशीने टोपलीच्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "इतक्या शिव्या देल्या त्याले. आता त्या वापस कशा आणू?"

"मला द्या."

"बाप गेलेल्याले वर्षाच्या आत शिवी देत नाई आमी. वर्ष होऊ दे."

श्राद्ध झालं. दुसऱ्या दिवशी आईने नुसती वांगी केली. जेवण झाल्यावर ती न सांगता ढिगावर गेली आणि वेल उपटून आली. उरलेला गाळ बांध्यांत नेला तो त्याच वाळूवाल्याच्या ट्रॅक्टरने. नदीच्या तळाशी बसलेला मात्र कुणाला उचलता आला नाही.

मावशी आता गोंदियाच्या बाजारातून सुकट आणून गावात विकते. आमच्याकडे येते, चहा घेते, आईशी बोलते. वर्ष केव्हाच उलटून गेलं, शिवी अजून यायची आहे. कप खाली ठेवून ती उठते तेव्हा मी दाराशी जाऊन उभा राहतो. ती टोपली डोक्यावर घेते आणि निघून जाते.